कोकणात घर घेऊन पायी भटकायचं असेल तर आधी तिथी बघा

नकाशावर आंजर्ले आणि हर्णै यांच्यात बोटाचं एक पेर मावतं. पण मध्ये जोग नदीची खाडी आहे. पूल गाठायचा तर आत वळसा पडतो, आणि भरतीच्या वेळी किनाऱ्यानं निघालात तर वाट पाण्याखाली असते. कोकणात पहिल्यांदा चालायला येणाऱ्यांचं गणित इथेच चुकतं. ते किलोमीटर मोजून दिवस आखतात. इथे दिवस आखायचा तो ऊन आणि पाणी बघून.

खालची उदाहरणं दापोली तालुक्यातल्या आंजर्ले–हर्णै–मुरुड पट्ट्यातली आहेत. पद्धत मात्र गुहागरकडच्या वेळणेश्वर–हेदवीला किंवा राजापूरच्या कशेळी–आडिवऱ्यालाही तशीच चालते. गृहीत धरलंय ते एवढंच: चार माणसं, पाच रात्री, स्वयंपाकघर असलेलं एक घर, आणि रोज त्याच घरी परत येणं.

१. आठवडा निवडा

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचे तीन महिने चालण्याचे. ऑक्टोबरात सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळी पठारावर, गवत कमरेएवढं असतं, पायाखालचं दिसत नाही आणि ऊनही भाजून काढतं. दिवाळीनंतर गवत कापलं जातं, वाटा उघड्या पडतात. फेब्रुवारी सरला की भाजावळी (पालापाचोळा जाळून शेत भाजणं) आणि वणवे सुरू होतात. एप्रिल-मे आंबे खायला या, चालायला नको. गणपती आणि शिमग्याला गावातली घरं चाकरमान्यांनी भरलेली असतात, तेव्हा भाड्याने घर मिळेल ही आशा सोडा. नाताळ ते १ जानेवारी घर मिळेल, पण किनाऱ्यावर शांतता मिळणार नाही.

आता तिथी. किनाऱ्यावर जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी म्हणजे चार, चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, आणि रोज ही वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. मुंबईच्या दक्षिणेला भरती थोडी आधी येते, त्यामुळे तासाभराचा फरक मनात धरा आणि नेमकी वेळ त्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघा. पण आठवडा निवडायला भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं.

हिशेब मांडून बघा. प्रतिपदेला ओहोटी सकाळी पावणेसातला, तृतीयेला सव्वाआठला, पंचमीला पावणेदहाला. म्हणजे पौर्णिमा किंवा अमावास्येच्या दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस असे मिळतात की कोवळ्या उन्हात पुळण (किनाऱ्याचा वाळूचा पट्टा) रिकामी आणि वाळू ओली-घट्ट. सप्तमी ते दशमी उलटं. सकाळी सव्वापाच ते साडेसातच्या दरम्यान भरती, आणि ओहोटी येईपर्यंत डोक्यावर ऊन. शिवाय पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. पाणी जास्त चढतं तसं जास्त उतरतंही, आणि एरवी बुडालेली खडपं, म्हणजे किनाऱ्यावरचे कातळ, उघडी पडतात. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, तेव्हा भरती-ओहोटीतला फरक कमी.

पौर्णिमेनंतरचा आठवडा घेतलात तर चौथ्या दिवशी संकष्टी येते. त्या दिवशी आंजर्ल्याच्या ‘कड्यावरचा गणपती’ या देवळात गर्दी असते. ती टाळायची असेल तर अमावास्येनंतरचा आठवडा बरा. रात्री अंधाऱ्या असतात, पण तारे दिसतात.

२. घर ठरवताना विचारायचे प्रश्न

कोकणात ‘घरगुती राहण्याची सोय’ म्हणजे बहुतेक ठिकाणी घरमालकिणीच्या हातचं जेवण. स्वतः रांधायला घर हवं असेल तर फोनवर पहिल्याच वाक्यात सांगा. ‘किचन आहे’ याचा अर्थ कधी चहापुरती शेगडी एवढाच निघतो. हे प्रश्न कागदावर लिहून घ्या:

- घरात मासे-मटण शिजवलेलं चालतं का? अनेक घरांत, विशेषतः देवघर असलेल्या जुन्या घरांत, चालत नाही. हे पोचल्यावर कळलं तर पाचही दिवस मनाला लागून राहतं.
- सिलिंडर भरलेला आहे का, आणि दुसरा आहे का? १४.२ किलोचा एक सिलिंडर चार माणसांना पाच दिवस सहज पुरतो; अर्धा संपलेला असेल तर मात्र गावात भरून मिळायला दिवस लागू शकतात. आपली शेगडी किंवा छोटा सिलिंडर रेल्वेतून आणू नका, त्याला बंदी आहे.
- पाणी विहिरीचं की नळाचं? लाइट गेली की पंप बंद. टाकी किती लिटरची आणि विहिरीला रहाट आहे का, हे विचारा.
- आंघोळीला गरम पाणी कशावर? बंब असेल तर लाकडं कोण देणार?
- गाडी दारापर्यंत येते का? पुष्कळ घरं रस्त्यापासून खाली पाखाडीने (पायऱ्यांच्या वाटेने) उतरून आगरात, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेत, असतात. साठ-सत्तर चिऱ्याच्या पायऱ्या सामान घेऊन उतरायच्या असतील तर चाकाची बॅग निरुपयोगी.
- कुठल्या कंपनीची रेंज येते? घरात, की फक्त अंगणाच्या कोपऱ्यात?
- भांडी कोणती? कुकर, कढई, तवा, पोळपाट, विळी-खवणी आणि सुरी यांची नावं घेऊन विचारा. खवणी हमखास असते, धार असलेली सुरी नसते.

पैशाचं: पूर्ण भाडं आगाऊ भरू नका. आधी घराचा व्हिडिओ कॉल करा आणि गावातल्या कुणाला तरी घराचं नाव माहीत आहे का ते बघा. समुद्र दिसणाऱ्या बंगल्यांच्या खोट्या जाहिराती टाकून आगाऊ रक्कम लुबाडायचे प्रकार किनाऱ्यावर नवीन नाहीत. राज्य पर्यटन खात्याच्या निवास व न्याहारी योजनेत नोंद असेल तर प्रमाणपत्राचा फोटो मागा. कुणी वाईट वाटून घेत नाही.

जागेबद्दल एक मत. समुद्रालगतच्या घराचा मोह आवरा. गावाच्या मधल्या वाडीतलं, नारळी-पोफळीच्या आगरातलं घर चालणाऱ्याला जास्त सोयीचं. दुकान, एसटीचा थांबा आणि सड्यावर जाणारी घाटी (चढणीची पायवाट) तिथून जवळ असतात. खारा वारा नसल्यामुळे कपडेही वाळतात.

३. पोचणं

आंजर्ल्याला जवळचं रेल्वे स्टेशन खेड. तिथून दापोली रस्त्याने सुमारे तीस किलोमीटर, आणि पुढे आंजर्ले. आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं (१ नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते १२० दिवस होतं), आणि शनिवार-रविवारच्या गाड्या त्याच सकाळी भरतात. रात्री मुंबईहून सुटणारी गाडी खेडला भल्या पहाटे उतरवते. त्या वेळी स्टेशनबाहेर दापोलीकडे जायला फारसं काही नसतं. उजेडी पोचणारी गाडी घ्या, नाहीतर दापोलीची थेट एसटी.

एसटीत महिलांना निम्मं भाडं आहे (१७ मार्च २०२३ पासून), ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं तिकीट. वयाच्या सवलतीसाठी आधार कार्ड जवळ ठेवा.

स्वतःची गाडी आणलीत तरी ती घरापाशी लावून विसरा. गाडी नेली की तिच्याकडे परत यावं लागतं, आणि तीच वाट पुन्हा तुडवावी लागते.

४. पोटापाण्याचं

किराणा दापोलीत भरा, भाजी आठवडा बाजारात, मासे दारात. बाजाराचा वार घरमालकांना आधीच विचारा.

कोरडा शिधा, चार माणसं, पाच दिवस: तांदूळ ४ किलो, तांदळाचं पीठ २ किलो, कुळथाचं पीठ अर्धा किलो, जाडे पोहे १ किलो, डाळ १ किलो, गूळ अर्धा किलो, शेंगदाणे अर्धा किलो, तेल २ लिटर, कोकम आगळाची एक बाटली. दिवसभर चाललेल्या माणसांचा भात नेहमीच्या मापात भागत नाही. एका वेळेला चारशे ग्रॅम तांदूळ धरा. नारळ विकत आणू नका, घरमालकांकडून घ्या.

संध्याकाळी दमून आल्यावर पिठीभातासारखं दुसरं काही नाही. पाऊण वाटी कुळथाचं पीठ पाण्यात गुठळ्या मोडून कालवा. लसूण-मिरची-कांद्याच्या फोडणीत चार-साडेचार वाट्या पाणी उकळा, पीठ धार धरून सोडा आणि ढवळत राहा. दोन आमसुलं, मीठ, दहा मिनिटं. कुकरमध्ये भात होईस्तोवर पिठी तयार.

वाटेवरच्या डब्यात लोक हमखास चूक करतात: घावन आणि ओल्या खोबऱ्याची चटणी. घरी खायला झकास, पण पाठीवरच्या पिशवीत ती चटणी अकरापर्यंत आंबते. डब्यात सुक्या खोबऱ्याची लसणीची चटणी, तांदळाची भाकरी, कांदा आणि गुळाचा खडा घ्या. सकाळी उरलेला भात डब्यात नेऊ नका.

पाणी माणशी तीन लिटर, चार-पाच तासांच्या चालीला. सड्यावर पाणी मिळत नाही, हे पक्कं धरून चला. एका बाटलीत एक भाग आगळ, सात-आठ भाग पाणी आणि साखर. आगळात मीठ असतं, म्हणून वरून घालू नका. गोड कोकम सरबताच्या बाटलीत ते मीठ नसतं, तेव्हा लेबल वाचून घ्या. विहिरीचं पाणी उकळून.

मासेवाली सकाळी नऊ-दहाला वाडीत येते, आणि त्या वेळी तुम्ही रानात असता. म्हणून मासे खायचे असतील तर हर्णै बंदरावरचा दुपारनंतरचा लिलाव बरा. तिथे मोठा माल टोपलीने जातो. चार माणसांपुरतं हवं असेल तर बाजूला वाटे लावून बसलेल्या बायकांकडून घ्या. बांगडा घेताना कल्ला उघडून बघा, लालभडक हवा. साफ करून द्यायला सांगा, नाहीतर घरी मांजरांची सभा भरते.

आणि पडवीत काही खाण्याचं ठेवू नका. वानरं केळी तर नेतातच, पिशवीची चेन उघडायचीही वाट बघत नाहीत.

५. वाटा शोधा

फोनवरचा नकाशा गाडीचे रस्ते दाखवतो, पायवाटा नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे त्यांच्या संकेतस्थळावर नोंदणी करून मिळतात. त्यावर पायवाटा तुटक रेषेने असतात, एक सेंटीमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. उपग्रह-चित्र फोनमध्ये उतरवून ठेवा. सड्यावर रेंजचा भरवसा नाही.

पण नकाशावरची वाट आज चालती आहे का, हे गावच सांगेल. घरोघरी मोटरसायकली आल्या आणि माणसं रस्त्याने जाऊ लागली, तसतशा जुन्या घाट्या मोडल्या, करवंदीच्या जाळ्यांनी भरल्या. म्हणून टपरीवरच्या पोराला विचारू नका, तो त्या वाटेने कधी गेलेला नसतो. गुरं घेऊन जाणाऱ्या आजोबांना किंवा लाकडाची मोळी आणणाऱ्या काकूंना विचारा. प्रश्नही नेमका हवा. ‘वाट आहे का?’ याला उत्तर ‘आहे की’ असंच येणार. त्याऐवजी विचारा: ‘काकू, यंदा कुणी गेलंय का या वाटेनं? पऱ्ह्यावरचा साकव शाबूत आहे का?’ (पऱ्ह्या म्हणजे ओढा, साकव म्हणजे त्यावरचा छोटा पूल.) अंतर विचारायचं ते वेळेत. गावकऱ्याची वीस मिनिटं म्हणजे तुमची पस्तीस.

वाट कुणाच्या खळ्यातून, कुणाच्या बागेतून जाते. हाक मारून जा. बेडं (बागेचं फाटक) उघडलंत तर तसंच परत लावा, नाहीतर गुरं आगरात शिरतात. गडगा ओलांडायला त्यावर हात टेकून चढू नका. चिरे नुसते रचलेले असतात, एक सरकला की हातभर गडगा ढासळतो. फटींत फुरसं (विषारी साप) बसलेलं असतं ते वेगळंच. जानेवारीपासून आंब्याच्या बागांत फवारणी चालू असते. पंपाचा आवाज किंवा औषधाचा वास आला तर वळसा घ्या. राखणदाराचे कुत्रे भुंकले तर धावू नका, जागेवर उभं राहून राखणदाराला हाक मारा.

६. दिवस आखा

वेग असा धरा: डांबरी रस्त्यावर तासाला साडेचार किलोमीटर, ओल्या घट्ट वाळूवर चार, कोरड्या वाळूत अडीच, खडपांवर दीड. जानेवारीत सूर्य सातच्या सुमाराला उगवतो आणि सव्वासहाच्या आगेमागे मावळतो. फटफटताना निघा, साडेदहा-अकराला सावलीत या.

मुख्य युक्ती एकच: एसटीने पुढे जा, चालत घरी या. गावात रात्री मुक्कामाला थांबणारी ‘वस्तीची गाडी’ पहाटे सुटते. तिने टोकाच्या गावी उतरलात की परतीच्या गाडीची चिंता उरत नाही, कितीही वेळ लागला तरी वाट घराकडेच येते. उलटं केलंत तर शेवटच्या एसटीसाठी धावणं आलं.

घर आंजर्ल्यात आहे आणि अमावास्येला पोचलात असं धरून एक नमुना:

*पहिला दिवस.* संध्याकाळी ओहोटीला पुळणीवर तासभर. खाडीचं तोंड, खडप आणि भरतीची रेषा बघून ठेवा. कोरड्या पाल्याचा पट्टा दिसतो तिथपर्यंत पाणी येतं.

*प्रतिपदा.* सकाळी गावातून वर कड्यावरचा गणपती. मंदिराच्या आवारातून सुवर्णदुर्ग, हर्णै बंदर आणि खाडीचं मुख एका नजरेत येतं. उरलेल्या दिवसांचा नकाशाच तो. दोन-तीन तासांत घरी.

*द्वितीया.* मोठी चाल. पहाटेच्या गाडीने केळशी. महालक्ष्मीचं देऊळ बघून उटंबरची चढण, मग आडे आणि पाडले करत आंजर्ले. वाळूचे तुकडे सकाळीच उरका, चढ-उतार झाडीतून उरतील. एखादा पाय दुखावला तर आड्याला रस्त्यावर यायची सोय आहे.

*तृतीया.* चालू नका. हर्णैहून होडीने सुवर्णदुर्ग. आधी किनाऱ्यावरचे कनकदुर्ग आणि गोवा किल्ला बघा. होडीवाल्याशी परतीची वेळ ठरवल्याशिवाय पाण्यात पाय घालू नका.

*चतुर्थी.* उन्हं उतरू लागली की मुरुडहून हर्णै, लिलावाच्या वेळेला बंदरावर. मासे घेऊन रिक्षाने घरी.

मोठ्या खाड्या, म्हणजे दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ, वेसवी–बागमांडला, फेरीबोटीने पार होतात आणि रस्त्याचा मोठा फेरा वाचतो. लहान ‘तरी’, म्हणजे खाडी पार करवणाऱ्या होड्या, मात्र पूल झाल्यावर बऱ्याच बंद पडल्या. जुन्या नकाशावरच्या ‘तर’ या शब्दावर विसंबू नका.

७. माणसं कुठे फसतात

सडा सपाट आहे म्हणून सोपा वाटतो. फसवतो तो त्याच सपाटपणाने. सगळीकडे सारखा काळा-तांबूस कातळ, खूण धरायला झाड नाही, आणि अकरानंतर खालून-वरून दोन्हीकडून तापतं. चढून आलात त्या घाटीच्या तोंडाचा फोटो मागे वळून काढा, उतरताना ते तोंडच सापडत नाही. चिरेखाणी उभ्या कापलेल्या असतात, काठाला कठडा नसतो. त्यात साठलेलं हिरवं पाणी खोल असतं, उतरायला पायरी नाही. पोहू नका. कातळशिल्पं दिसली तर रेषांवर पाय देऊ नका आणि फोटोसाठी खडूने भरू नका.

खडपावरचा कोरडा कातळ खरखरीत, पाय धरणारा. त्यावरचा काळा-हिरवा ओला थर म्हणजे साबण. ओहोटीच्या एक तास आधी खडपात शिरा आणि पाणी वळल्यावर अर्ध्या तासात बाहेर पडा. हेदवीची बामणघळ, म्हणजे समुद्राकाठच्या खडकातली अरुंद भेग, बघायला लोक भरतीलाच जातात, कारण तेव्हाच पाणी उसळतं. त्या वेळी घळीच्या काठापासून लांब उभं राहा.

खाडी चालत ओलांडायचा विचार स्थानिक माणूस पुढे असल्याशिवाय करू नका. वरून टणक दिसणारा चिखल मांडीपर्यंत घेतो, आणि कालवांच्या कडा तळवा चिरतात.

साप चावला तर जखम कापणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काही नको. हात-पाय हलू न देता थेट रुग्णालय, १०८ ला फोन. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष चालतं. विंचू चावला तरी थेट रुग्णालयच. कोकणातली तांबडी इंगळी चावून घाम फुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले, तर मांत्रिक-झाडपाल्यात वेळ घालवू नका. रोज सकाळी बूट झटकून घाला.

हिवाळ्यात रात्री कासवं अंडी घालायला किनाऱ्यावर येतात. अंधारात पुळणीवर विजेरी फिरवू नका आणि जाळीने कुंपण केलेल्या घरट्यांजवळ जाऊ नका.

८. कागद आणि पिशवी

कागद: प्रत्येकाचं आधार किंवा दुसरं ओळखपत्र आणि त्याची एक छायाप्रत. परदेशी पासपोर्टवाला नातेवाईक सोबत असेल तर पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती, कारण घरमालकांना २४ तासांत परदेशी पाहुण्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते. भाडं ठरल्याचा लेखी निरोप. थोडी रोकड, कारण रेंज नसली की क्यूआर कोड नुसता चिकटवलेला राहतो.

पिशवी: रबरी नक्षीचा तळ असलेले जुने, पायाला सरावलेले बूट, खडपासाठी मागे पट्टा असलेले सँडल, लांब बाह्यांचा सुती सदरा आणि टोपी, शिट्टी, विजेरी, चार्जिंगची बॅटरी, क्रेप बँडेज, जंतुनाशक मलम, ओआरएसची सहा पाकिटं (एक पाकीट एक लिटरला), रोजच्या गोळ्या दोन दिवस जादा. मोजे जुनेच आणा, तांबडी माती धुतल्याने जात नाही.

९. निघताना

आदल्या संध्याकाळी घरमालकांना सिलिंडर, फुटलेली भांडी आणि लाकडांचा हिशेब विचारा. सकाळी घाईत तो राहून जातो. ओला कचरा माडाच्या आळ्यात चालेल का ते विचारून टाका. प्लास्टिक आणि बाटल्या गोळा करायला गावात गाडी येईलच असं नाही, म्हणून ती पिशवी बांधून सोबत दापोलीपर्यंत न्या. किल्ली दाराच्या चौकटीवर ठेवून जाऊ नका, हातात द्या. आंबे मागवायचे असतील तर त्याच वेळी नाव लिहून ठेवायला सांगा. पेटी कधी आणि कुठे पोचणार, तेही तिथेच ठरवून टाका.